छोटं इमर्जन्सी किट बांधून लपवून ठेवायचं तर कुठे आणि कसं? (पुणे आणि आसपास)

मुठाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज काढतोच धागा. आम्ही सिंहगड रोडला नदीच्या अंगाला तळमजल्यावर राहतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या वर गेला आणि एकतानगरीकडे पाणी शिरलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच असेल, आम्ही ते अंधारात पायाला लागल्यावर बघितलं.

माझ्याकडे किट नव्हतं असं नाही, दोन होती. एक मोठं, रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत, जिन्याखाली. दुसरं छोटं, कडीच्या स्टीलच्या डब्यात, गच्चीवर लिफ्टरूमच्या मागे विटांच्या आड. जिन्याखालची बादली पहिल्या दहा मिनिटांत गेली, कारण पाणी आधी जिन्याखालीच भरतं, आणि हे मला इतकी वर्षं तिथे राहून सुचलं नव्हतं. आईला (वय ७४) दोघांनी धरून गच्चीवर नेलं आणि मी डबा काढला तर त्याला ब्राउन टेपचे सात-आठ वेढे. कात्री डब्याच्या आत. हात ओले, टेपचं टोक नखाला लागेना, बायकोने मोबाईलचा उजेड धरलाय, आई कुडकुडतीये आणि मी स्कूटरच्या किल्लीने टेप खरवडतोय. पाचेक मिनिटं गेली असतील पण ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

आतली चंदेरी पातळ चादर, शिट्टी आणि खडीसाखर कामाला आली. टॉर्च लागला नाही, सेल फुटून पांढरी पावडर झाली होती. चिक्की आईने तोंडात घालून काढून टाकली, कापराचा वास. मी शेकोटीसाठी म्हणून कापराच्या वड्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या पार उडून गेल्या, कागद रिकामा, आणि सगळा वास शेंगदाण्यात मुरला.

तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे की किट बांधताना डोळ्यासमोर तो माणूस पाहिजे जो ते उघडणार आहे, भिजलेला, घाबरलेला, आणि कदाचित तो मी नसेनच, आई असेल नाहीतर मुलगी. मग काय भरायचं, कशात भरायचं, कुठे ठेवायचं हे सगळं बदलतं. आता मी परत तीन ठिकाणी ठेवतोय: गच्चीवर (सोसायटीला सांगून), कोथरूडला मावशीकडे, आणि वेल्ह्याकडे मित्राच्या शेतावर. तुमचे अनुभव सांगा, विशेषतः जमिनीत पुरलेल्यांनी.

पाबेघाट
मुठाकाठ, वाचून कसंतरी झालं, आई बऱ्या आहेत ना आता?

मी जमिनीत पुरलेला माणूस, म्हणजे पाइप पुरलाय 🙂 आमची पाबे घाटाच्या खाली थोडी जमीन आहे. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घेतला, एका बाजूला टोपी सोल्युशन लावून कायमची चिकटवली, दुसऱ्या बाजूला आट्याची टोपी, त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप. भाताच्या बांधाला उभा गाडला, वर दीड वीत माती. जुलैत गेलो तर पाइप वीतभर वर आलेला! मला वाटलं कोणीतरी उपसला. मग हिशोब केला, हा एवढा पाइप साडेपाच लिटरच्या वर पाणी सारतो, म्हणजे तो आणि आतलं सामान मिळून तेवढे किलो भरले नाहीत तर भिजल्या चिखलात तो वर यायलाच बघणार, आणि माझं सगळं मिळून तीन किलोच्या आत होतं. ताम्हिणी-वेल्हे पट्ट्यातला पाऊस म्हणजे जमीन दोन-तीन महिने नुसता लगदा असते.

आता आडवा ठेवलाय, गोठ्याच्या पडवीखाली जिथे पागोळ्या पडत नाहीत तिथे, वर सपाट दगड. एक वर्ष झालं, जागचा हलला नाही. आणि उताराच्या पायथ्याला अजिबात नको. ३० जुलै २०१४ ला माळीणला काय झालं ते आपल्याच जिल्ह्यात झालंय, दीडशेच्या वर माणसं गेली. डोंगर जिथे खाली येऊ शकतो तिथे आपण नको आणि आपलं सामानही नको.

अजून एक, खायचं पुरलं की साळिंदर आणि रानडुक्कर येणारच. शेंगदाण्याचा वास त्यांना कसा लागतो देव जाणे. माझ्या शेजाऱ्याने नुसता प्लॅस्टिकचा डबा पुरला होता, डुकरांनी मुसंडी मारून शेत उकरलं, डब्याची शकलं झाली.

सह्यवाट
छान धागा. मी गडावरचं सांगतो. राजगड-तोरणा आम्ही वर्षातून दोनदा करतो, बुधला माचीवरून उतरून सोंडेसोंडेने अळू दरवाज्याकडे. उन्हाळ्यात त्या वाटेवर पाण्याचे फार हाल होतात, म्हणून एकदा मधे दगडांच्या कपारीत दोन लिटर पाणी आणि एक डबा ठेवला होता, परत येताना लागेल म्हणून. मार्चमध्ये ठेवलं, एप्रिलमध्ये गेलो तर सगळा डोंगर काळा. वणवा लागून गेला होता. बाटली वितळून दगडाला चिकटलेली, डबा काळा ठिक्कर, आतल्या गोळ्यांचं पाकीट करपलेलं.

आणि मी त्या कपारीत सरळ हात घातला होता, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. फुरसं दगडाखालीच बसतं. त्यामुळे ज्या जागेत काठी न घालता हात घालावा लागतो ती जागा बाद, कितीही लपलेली असली तरी.

जुनीपेठ
सह्यवाट, राग मानू नका पण गडावर काही ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राजगड, लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत. तिथे आज एकाने कपारीत डबा ठेवला की उद्या दुसरा खणणार. अभयारण्यातही तेच, जंगलात आपण प्लॅस्टिक ठेवून यायचं आणि विसरायचं हे बरोबर नाही. पायथ्याच्या गावात ज्या घरी आपण जेवतो त्या मावशींकडे डबा द्या की ठेवायला, त्या जपतील, आणि अडचणीत आपण शेवटी त्यांच्याकडेच जाणार.

सह्यवाट
राग कसला, पटलं. त्या वणव्यानंतर मी ठेवलेलं नाहीये आणि ती वितळलेली बाटली खरवडून खाली आणली. आता गुंजवण्यात ज्यांच्याकडे गाडी लावतो त्यांच्या माळ्यावर एक डबा असतो, त्यांच्या घरच्यांनीही त्यातली पट्टी आणि मलम वापरलंय आणि मला फोन करून सांगितलं की हे हे संपलं, घेऊन या.

निवृत्त३१
मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे, म्हणून कळकळीने लिहितो. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० आणि १ ऑगस्ट २०१२ च्या बॉम्बस्फोटांनंतर बेवारस डबा, पिशवी, पाइपचा तुकडा हे काय असतं ते विसरू नका. दोन्ही बाजूंनी टोपी लावलेला पीव्हीसी पाइप बागेत, पुलाखाली, टेकडीवर कोणाला दिसला की पहिला फोन ११२ ला जातो, परिसर रिकामा होतो, बॉम्बशोधक पथक येतं, श्वान येतं, आणि त्यांनी तो तुमच्या सोयीने उघडावा अशी अपेक्षा ठेवू नका. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी इथे फिरायला जाणाऱ्या कोणीही असलं काही करू नये. स्वतःची जागा नाहीतर परवानगीची जागा, आणि डब्यावर जाड अक्षरात ‘पूर-भूकंप मदत सामान’, फ्लॅट नंबर, फोन.

मुठाकाठ
@पाबेघाट आई एकदम ठीक, धन्यवाद. उभा पाइप वर येतो हे मला माहीतच नव्हतं, मी उभाच गाडणार होतो!

@निवृत्त३१ एक शंका. नाव घालून ठेवलं तर लपवण्याला अर्थ काय? आमच्या गच्चीवर वाळवणं, पतंगवाली पोरं, केबलवाले, टाकी धुणारे सगळे येतात. पहिल्या डब्यातली छोटी सुरी अशीच गेली होती.

निवृत्त३१
डोळ्याआड ठेवा पण अनोळखी ठेवू नका. ज्याला दिसेल त्याला हे काय आहे आणि कोणाचं आहे ते वाचता आलं पाहिजे. सुरी गेली तर दुसरी येते.

औषधवाली
सदाशिव पेठेत माझं मेडिकल आहे, जरा सविस्तर लिहिते कारण ह्यात चुका फार होतात.

पहिलं म्हणजे औषधांवर ३० अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचा स्टीलचा डबा हाताला चटका देतो. त्यामुळे गच्चीच्या डब्यात पट्टी, कापूस, कापड, क्रेप बँडेज बिनधास्त, पण गोळ्या भिंतीच्या सावलीत आणि दर सहा महिन्यांनी बदलायच्याच. इन्सुलिन असल्या कुठल्याच डब्यात नाही, ते फ्रिजमधून निघताना हातात. बीपी-थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांचं एक पान मात्र ठेवा, नवीन पान आणलं की डब्यातलं जुनं घरात वापरायला काढायचं.

ओआरएसची पुडी घेताना मागे वाचा, एक लिटरची पुडी वेगळी आणि २०० मिलीची छोटी वेगळी. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवून देणारे मी रोज बघते, ते लहान मुलाला धोक्याचं आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. डब्यात चमचा ठेवा, अंदाजाने मीठ पडतं. मी पुडीवरच परमनंट मार्करने ‘१ लिटर बाटली’ असं मोठं लिहून देते.

क्लोरीनच्या गोळ्यांचंही तसंच, कुठली गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं, वीस लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकायची नाही. गढूळ पाणी आधी चार पदरी फडक्यातून गाळायचं, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीत मिळतं ते क्लोरीनचं लिक्विड घरात चांगलं आहे पण लपवलेल्या डब्यात ठेवू नका, ऊन आणि वेळ दोन्हींनी त्याचा जोर जातो आणि गळलं की सगळं खराब. उकळायची सोय असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, तेवढं बास.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही सापांवर चालते आणि ती दवाखान्यातच मिळते, त्यामुळे किटमध्ये सापाचं औषध म्हणून कोणी काही विकलं तर घेऊ नका.

तपकीरगल्ली
सेलबद्दल मी सांगतो, धंदाच आहे आपला. मुठाकाठ साहेब, तुमच्या टॉर्चमध्ये सेल घालूनच ठेवलेले होते ना? तिथेच घोटाळा झाला. साधे आणि अल्कलाइन दोन्ही सेल कालांतराने फुटतात, गरम जागेत तर लवकरच. सेल बाहेर काढून वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा आणि पिशवी टॉर्चलाच रबरबँडने बांधा म्हणजे अंधारात शोधाशोध नको. लिथियमचे दीड व्होल्टचे पेन्सिल सेल मिळतात, चार्जिंगवाले नाही, वापरून फेकायचे, ते महाग आहेत पण वजनाला हलके, फुटत नाहीत आणि दहा-पंधरा वर्षं पडून राहिले तरी चालतात, लपवलेल्या किटला तेच बरे. टॉर्चही एकाच सेलवर चालणारा घ्या, तीन सेलवाल्यात एक गेला की सगळं गेलं.

पॉवरबँक गच्चीवर किंवा जमिनीत ठेवू नका!! उन्हात तापलेल्या बंद डब्यात लिथियम-आयन ठेवणं धोक्याचं आहे आणि सहा-आठ महिन्यांनी चार्जही उतरलेला असतो. ती घरात दाराजवळच्या पिशवीत.

कृष्णाकाठ
मी मूळचा सांगलीचा, आता हडपसरला. आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखाली खोल खोल्याच म्हणा, तोंड लहान, आत पोती रचायची आणि तोंड माती-शेणाने बंद. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही की ओल नाही, कारण तिथली माती तशी घट्ट. आजोबा सांगायचे पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा खराब. आणि २००५ च्या पुरात ह्याच पेवांत कृष्णेचं पाणी शिरलं. पिढ्यानपिढ्या टिकलेली जागा पुराच्या एका आठवड्यात गेली, तेव्हा पुण्यात पुरायचं असेल तर आधी त्या जागेवर पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसांना विचारा.

मातीचाही फरक आहे. वेल्ह्याकडे हातभर खणलं की कातळ लागतो, हडपसरच्या पुढे काळी माती, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यात पाइपचे जोड सैल होतात असा माझा अनुभव.

जुनीपेठ
जुन्या माणसांवरून आठवलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही. आमचा वाडा नारायण पेठेत होता. आजी सांगायची की वाड्यात पाणी माळ्याला लागलं, पण तिने सगळ्यात जास्त सांगितलं ते नंतरच्या दिवसांचं, चिखल, आणि प्यायला पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारं धरणच गेलं होतं. पाण्याने वेढलेल्या शहरात लोक पाण्यासाठी वणवण करत होते. म्हणून माझा आग्रह, किटमध्ये पाणी मावत नाही हे खरं, पण रिकामी घडी होणारी पाण्याची पिशवी आणि क्लोरीनच्या गोळ्या हव्यातच. मी तर खायचं कमी करून हे ठेवलंय.

तिच्या ट्रंकेत वरच एक पुरचुंडी असायची शेवटपर्यंत. मेणबत्ती, काडेपेटी, सुट्टे पैसे, सुई-दोरा. आम्ही पोरं विचारायचो कशाला, ती म्हणायची असू दे.

ताईहडपसर
सगळ्यांचं वाचतेय. मला काड्यापेटीचं विचारायचंय, दोनदा ठेवली दोनदा सर्दली.

सह्यवाट
ताई, काड्यांची टोकं वितळलेल्या मेणबत्तीत बुडवून वाळवा, औषधाच्या छोट्या बाटलीत घाला आणि पेटीची खरखरीत पट्टी कापून त्याच बाटलीत, मेणाला न लागेल अशी कागदात. सोबत दोन साधे लायटर. पेटवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या, पंक्चरवाला फुकट देतो, भिजली तरी जळते, धूर काळा येतो पण ओलं लाकूड पेटेपर्यंत टिकते. कापूर ठेवायचाच असेल तर काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, कागदात गुंडाळला तर तो उडणारच.

पाबेघाट
आणि बांधायचं ते पावसाळ्यात बांधू नका. डबा बंद करताना आत जी हवा राहते तीच दमट असेल तर कितीही सील करा, रात्री थंडीत आत घाम फुटतो. मी एप्रिलच्या दुपारी बांधतो, जेव्हा पापड वाळतात तेव्हा. सिलिका जेलच्या पुड्या आधी तव्यावर मंद आचेवर गरम करून घेतो, रंगाच्या असतील तर गुलाबीच्या परत निळ्या झाल्या की समजायचं कोरड्या झाल्या.

मुठाकाठ
काय भरभरून लिहिलंय सगळ्यांनी. मागच्या रविवारी तिन्ही परत बांधली, ते सांगतो.

गच्चीचा डबा: बोहरी आळीतून जाड झिपच्या पिशव्या आणल्या, तुळशीबागेतून रुंद तोंडाचा कडीचा डबा. टेप एकच वेढा आणि त्याचं टोक दोन बोटं दुमडून ठेवलंय, वर एक लाल नाडी टेपखालून ओवली, नाडी ओढली की टेप फाटतो. ब्लेडचं पातं डब्याच्या बाहेर, तळाला चिकटवलं. आत ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने: सगळ्यात वर शिट्टी आणि टॉर्च, मग चंदेरी चादर दोन आणि कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या तीन (डोक्याला भोक पाडून रेनकोट होतो), मग पट्टी, ओआरएस, चमचा, क्लोरीन, घडीची पाण्याची पिशवी, खडीसाखर आणि खजूर. शेंगदाणा बाद, सहा महिन्यांत खवट होतो. दहा-वीस-शंभराच्या नोटा मिळून हजार रुपये. फोन नंबरचा कागद पेन्सिलीने लिहिलाय, पेनाची शाई ओलीत पसरते. आधारची पूर्ण कॉपी ठेवली नाही, नंबर झाकलेली ठेवली, डबा कोणाच्याही हातात पडू शकतो. सगळं मिळून दोन किलो तीनशे ग्रॅम, मुलगी एका हाताने उचलते. वर नाव, फ्लॅट, फोन, निवृत्त३१ म्हणाले तसं. सेक्रेटरींना दाखवून ठेवला, तर त्यांनी अजून चार घरांसाठी करून द्याल का विचारलं.

मावशीकडचा डबा कपाटाच्या वर, त्यात कपड्यांचा एक एक जोड आणि आईच्या गोळ्यांचं पान जास्त, कारण घर सोडावं लागलं तर आम्ही तिथेच जाणार. शेतावरचा पाइप आडवा, पडवीखाली, मित्राच्या घरच्यांना जागा दाखवून. तारखा कॅलेंडरवर लिहिल्यात, एक अक्षय्य तृतीयेच्या आसपास आणि एक दिवाळीच्या साफसफाईत, तेव्हा उघडून खाऊ, सेल, गोळ्या बघायच्या.

काल रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर गेलो, दिवा घालवला, आईचे हात बादलीत बुडवून ओले केले आणि डबा तिच्या मांडीवर दिला, काही सांगितलं नाही. तिने दोनदा चाचपलं, नाडी सापडली, ओढली, झाकण जरा घट्ट होतं तर डबा पोटाशी धरून कडी फिरवली. मुलगी मोबाईलवर वेळ लावून बसली होती. पन्नास सेकंदांत शिट्टी वाजली. झाकण आज थोडं सैल करून घेतो.